हर्णैची तबकडी, वॉलॉंगॉंगचं ऊन

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि सबनीसकाकांच्या घड्याळात दुपारचे अडीच.

बाग तीच आहे. समुद्राकडून तिरपं येणारं हिवाळ्यातलं ऊन, गवतावर दव, पाइनच्या शेंड्यांवर पांढऱ्या काकाकुव्यांचा कलकलाट. मधोमध दगडी चौथरा, त्यावर परातीएवढी पितळी तबकडी, सावलीवरून वेळ सांगणारी, आणि तिच्यातून दक्षिणेकडे तिरका उगारलेला काटा. पितळ हिरवट काळं पडलंय. मी बोटांनी आकडे चाचपले. सातच्या शेपटाला जरासा वाकडेपणा आहे, तो कोरताना माझ्या मैत्रिणीचा, तस्नीमचा हात घसरला होता. तिच्या तोंडून त्या वेळी जी अस्सल हर्णैची शिवी बाहेर पडली, ती मी पुढे कितीतरी दिवस आनंदाने वापरली.

चौथऱ्याच्या पोटावर इंग्रजी पाटी आहे. भारतीय समाजातर्फे भेट. प्राचीन भारतीय वेधशाळांच्या परंपरेला अनुसरून. संकल्पना आणि रचना : श्री. सबनीस.

कुत्र्याला फिरवायला आलेली एक म्हातारी बाई माझ्याजवळ थांबली. "डोन्ट ट्रस्ट दॅट वन, लव्ह," ती म्हणाली. "इट गोज बॅकवर्ड्स."

"आय नो," मी म्हटलं. तिला मिठी मारावी असं मला फार वाटलं.

मी क्षमाशील बाई नाही. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. आमच्या घरात आई विसरायची, बाबा विसरायचे, मी डूख धरायचे. अजूनही धरते. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात जुना, सगळ्यात लाडका डूख या बागेत दगडावर ठेवलेला आहे, रोज ऊन खात.

त्या वर्षांत सिडनीला उतरणारी विमानं शिकायला येणारी पोरं नुसती आणून ओतत होती. दर फेब्रुवारीला आणि दर जुलैला नवी लाट. प्रत्येकाच्या बॅगेत प्रेशर कुकर, प्रत्येकाचं लोणचं विमानतळावर कचऱ्यात गेलेलं, प्रत्येकाला कुणाच्या तरी ओळखीचं कुणीतरी न्यायला आलेलं. तस्नीम मुकादम आणि मी एकाच जुलैत आलो. मी पुण्याची, ती हर्णैची. फेअरी मेडोमधल्या एका फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या घरात आम्हाला मागची खोली मिळाली. गावाचं नाव परीचं कुरण, आणि घरात झुरळं. त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे: ओल्या गालिच्याचा, इलेक्ट्रिक शेगडीवर करपलेल्या पोळीचा, आणि वारा दक्षिणेचा असला की पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्याचा, जळक्या नाण्यासारखा. पोळी करपली की छताचा धुराचा अलार्म बोंबलायचा आणि आम्ही दोघी टॉवेल घेऊन त्याला वारा घालायचो.

पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघी हरवलो. शहरातून पायी घरी निघालो होतो. घर उत्तरेला आहे एवढं माहीत होतं. तस्नीम गणितात मास्टर्स करायला आलेली, समुद्रकाठी वाढलेली. ती म्हणाली, "सोपं आहे गो. दुपारचं ऊन दक्षिणेला असतं. ऊन पाठीवर घ्यायचं आणि चालायचं." आम्ही चाललो. चाललो, चाललो, आणि पोर्ट केम्ब्लाची उंच चिमणी मागे पडायच्या ऐवजी जवळ यायला लागली. तेव्हा तस्नीम भर फुटपाथवर थांबली, स्वतःच्या सावलीकडे बघत राहिली आणि कपाळावर हात मारून हसत सुटली. "इथे ऊन उत्तरेला, गो! आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला आलोय!" ती चिमणी आता नाही. पाडली. आज सकाळी ट्रेनमधून उतरल्यावर दक्षिणेकडे तिची जागा शोधत होते, सापडली नाही.

त्या दिवसापासून मागच्या अंगणात तस्नीमचा उद्योग सुरू झाला. तिथे कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा छत्रीसारखा सांगाडा होता, मधे लोखंडी खांब. या खांबाची सावली जिथे पडेल तिथे ती गवतात कपड्याचा चिमटा खोचायची. लाल चिमटा म्हणजे सकाळ, निळा म्हणजे दुपार. मोबाइलवर नमाजाच्या वेळा सहज मिळाल्या असत्या, पण तिला त्या सावलीवरूनच काढायच्या असत. दुपारनंतरची नमाज केव्हा, तर खांबाची सावली भर दुपारच्या लांबीपेक्षा खांबाच्या उंचीएवढी जास्त होईल तेव्हा. मी शिफ्टवरून यायचे तर अंगणात ही पोरगी दुपट्ट्याने गवत मोजतेय. पण हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या डोंगरकड्यामागे लवकर पडायचा. मग सावली एकदम पुसली जायची आणि तस्नीम डोंगराला शिव्या द्यायची.

घरी, हर्णैला, सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला जाते. घड्याळाचे काटे फिरतात तशीच. इथे ती पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेला जाते, म्हणजे काट्यांच्या उलट. चिमट्यांची ओळ पाहिली की हे लहान मुलालाही कळलं असतं. मला कळलं, आणि मी तर भूमितीत काठावर पास झालेली.

आणि मग तिचे ते दमास्कसवाले. त्यांचं लांबलचक अरबी नाव तस्नीम एका दमात म्हणायची. मला कधी जमलं नाही, म्हणून मी त्यांना 'तुझे दमास्कसवाले' म्हणायचे, जसं मैत्रिणीच्या सासरच्यांबद्दल बोलावं तसं. पाच-सहा शतकांहून जास्त काळ झाला, दमास्कसच्या मोठ्या मशिदीत वेळ राखायला नेमलेला हा ज्योतिषी. लग्नं जुळवणारा ज्योतिषी नव्हे, आकाश मोजणारा. त्याने संगमरवराची एक भलीमोठी सावलीघडी करून मिनारावर बसवली, आणि तिचा काटा सरळ उभा न ठेवता पृथ्वीच्या आसाला समांतर तिरका केला. त्यामुळे बारा महिने, उन्हाळा असो की हिवाळा, तास सारखे. हे सांगताना तस्नीमचा आवाज हळू व्हायचा. ती म्हणायची, त्याच्या ग्रहांच्या गणितासारखंच गणित पुढे युरोपातल्या एका बड्या माणसाच्या पुस्तकात निघालं. कुणी कुणाचं घेतलं ते तिला ठाऊक नव्हतं. "पण नाव कुणाचं राहिलं ते बघ," ती म्हणायची, आणि पोळी उलटायची.

युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये तिने दोन तबकड्या कोरल्या. पहिली हात बसावा म्हणून, हर्णैसाठी. तिचे अब्बा गावातल्या मशिदीच्या अंगणात ती बसवणार होते. दुसरी इथल्यासाठी, वॉलॉंगॉंगच्या अक्षांशाची, आकडे उलट्या फेऱ्याने. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना पितळेचा वास यायचा. दूरच्या डँडेनॉन्गच्या भारतीय दुकानांतून कुणीतरी आणलेली चिंच होती, तिने आम्ही तबकड्या घासायचो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन सूर्य ठेवल्यासारखे वाटायचे, आणि चिंचेच्या आंबट वासाने दोघींना घराची आठवण यायची. घासत राहायचो.

आता सबनीसकाका.

तिथल्या मराठी मंडळाचे सर्वेसर्वा. नव्या पोरांना स्टेशनवर घ्यायला येणारे, 'आमची मुलं' म्हणणारे, गणपतीला आमच्याकडून मोदक वळून घेणारे. त्यांच्या अंगणात तुळस होती. दक्षिणेच्या भिंतीला लावलेली. का, तर पुण्याला त्यांच्या घरी दक्षिणेच्या बाजूला छान ऊन यायचं. इथे त्या भिंतीला वर्षभर सावली. दरवर्षी तुळस मरायची, दरवर्षी काका नवी लावायचे आणि दरवर्षी म्हणायचे, "इथल्या मातीतच दम नाही." इतकी वर्षं या देशात काढून सूर्य कुठून जातो हे या माणसाने एकदा मान वर करून पाहिलं नव्हतं. तस्नीमने एकदा अदबीने सांगायचा प्रयत्न केला. काका हसले. "तू गणितातली, बागकाम वेगळं असतं, बेटा."

त्यांना तबकडीबद्दल कळलं ते गणपतीच्या जेवणात. डोळे चमकले त्यांचे. समुद्राकाठच्या बागेला भारतीय समाजातर्फे काहीतरी भेट द्यायचं घाटत होतं, काका त्या समितीवर होते. "हेच देऊ! पोरीचं नाव पाटीवर झळकेल!" असं त्यांनी पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं. तस्नीमने त्या दिवशी अब्बांना फोन केला. ती कोकणीत बोलत होती, मला अर्धंच कळत होतं, पण 'पाटी' हा शब्द तिने किती वेळा म्हटला ते मला ऐकू येत होतं.

पुढच्या हिवाळ्यात, काम पुरं झाल्यावर, एका शनिवारी दुपारी काका तबकडी न्यायला आले. मी चहा ठेवला. आलं नव्हतं, मिरी घातली. काका खुर्चीत बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पाटीचं सगळं फायनल झालं. 'प्राचीन भारतीय वेधशाळा' असं टाकतोय. दमास्कस वगैरे नको, लोक गोंधळतात."

तस्नीमने हातातला कप खाली ठेवला.

"आणि नाव मी माझंच टाकतोय. मंडळाच्या वतीने. तुझं टाकलं असतं गं, पण तस्नीम मुकादम म्हटलं की लोक उगाच चार प्रश्न विचारतात. दिवस कसे आहेत, बघतेस ना? तुला समजेल. समजूतदार आहेस तू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तस्नीम मात्र कपाच्या कानाशी बोट फिरवत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अपेक्षाभंगही नव्हता, आणि तेच मला सहन होईना. हे तिला नवीन नव्हतं. ती ओळखीचा पाऊस आल्यासारखी बसली होती.

काका उठले, टेबलापाशी गेले. दोन्ही तबकड्या शेजारी शेजारी. त्यांनी आधी वॉलॉंगॉंगची उचलली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हसले. "हे काय! आकडे उलटे कोरलेस की! अगं, घड्याळ असं फिरतं का?" त्यांनी ती खाली ठेवली आणि हर्णैची उचलली. "ही बरोबर आहे. ती खराब झाली ती राहू दे तुझ्याकडे."

तस्नीमने तोंड उघडलं. ती सांगणार होती. ती असल्या वेळीही सांगणारच होती, कारण तिच्या घरात वेळ चुकीची सांगणं म्हणजे माणसाची नमाज बुडवणं. मी टेबलाखालून तिच्या पावलावर पाय दिला, असा की ती कळवळली.

"बरोबर आहे काका," मी म्हटलं. "तीच न्या. काटा फक्त दक्षिणेकडे ठेवा, इथे तसाच लागतो."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "ती मागे सांगत होती."

काका गेले. तस्नीमने माझ्याकडे पाहिलं. "वेळेशी असं खेळू नये गो," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी कुठे खेळले? निवड त्यांची." ती कप विसळायला गेली. नळाचं पाणी सोडून ती बराच वेळ पाठमोरी उभी होती, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठेवलं, बरोबर दुपारी बाराला. काकांनी मुहूर्तच तो काढला होता. दोन झेंडे, बटाटेवडे, पांढरे बूट घातलेले पाहुणे. आणि गंमत अशी की दुपारी बाराला उलटी तबकडीही बरोबरच असते. सावली ठीक बाराच्या रेघेवर आली, काकांनी मनगटावरचं घड्याळ उंच धरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तस्नीम मागे उभी होती, निळ्या दुपट्ट्यात. कुणी तिला विचारलं, "यू फ्रॉम द कम्युनिटी टू?" ती म्हणाली, "आय डिड द कटिंग." त्या माणसाला वाटलं, फळं कापली असतील. "ब्यूटिफुल मँगो," तो म्हणाला.

मंडळी वड्यांकडे वळली. मी तिथेच थांबले. सावली बारावरून निघाली आणि पुढे जायच्या ऐवजी अकराकडे सरकली, मग दहाकडे. तीन वाजता तिथे नऊ वाजले होते. एवढं समाधान मला त्या वर्षी दुसऱ्या कशाने मिळालं नाही.

वर्षअखेर तस्नीम परत गेली. का, कसं, ते इथे नको. जाताना तिने वॉलॉंगॉंगची तबकडी टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे. तू राग सांभाळतेस, हीही सांभाळशील." पुढे मी ब्रिस्बेनला गेले, लग्न केलं, तिथल्याच स्प्रिंगफील्ड लेक्सला घर घेतलं. तबकडी बैठकीच्या भिंतीवर लटकली. मुलं विचारायची, "आई, व्हॉट्स दॅट?" मी सांगायचे, ही मावशीची घडी. वर्षातून एकदा मी ती चिंचेने घासते. वास तोच येतो, आणि क्षणभर आमच्या स्वयंपाकघरात करपलेली पोळी, समुद्र आणि पोलाद सगळं एकदम येतं. तिकडे हर्णैला तस्नीमने तिसरी कोरून मशिदीच्या अंगणात बसवली. खाली तिचं पूर्ण नाव आहे. तिने फोटो पाठवला होता.

गेल्या महिन्यात सबनीसकाकांचा फोन आला. ती दुसरी तबकडी कुणाकडे आहे, त्यांना कळलं होतं, आणि ती त्यांना बागेसाठी हवी होती. मी तस्नीमला विचारलं. ती म्हणाली, "मी ती तुला दिलीय. तू ठरव. अजून तुझा राग गेला नाही होय?" नाही गेला, मी म्हटलं. ती हसली. "मग त्याला ऊन तरी दाखवून आण."

म्हणून मी ऑफिसच्या कामाला सिडनीला आले होते ती आज सकाळच्या ट्रेनने इथे उतरले, पिशवीत टॉवेल, टॉवेलात तबकडी.

काका अकराच्या पुढे आले. काठी, लोकरीची टोपी, अंग गळालेलं. "किती बदललीस गं," ते म्हणाले.

"तुम्ही नाही बदललात, काका."

ते बाकावर बसले. "माझ्या नातीची शाळा इथे एक्स्कर्शनला आली होती. टीचरने सगळ्या मुलांना हे दाखवलं. चुकीची सनडायल कशी असते म्हणून. मग मुलांनी पाटी वाचली." त्यांनी टोपी कानांवर ओढली. "घरी येऊन पोरगी मला म्हणते, दादू, व्हाय डिड यू मेक इट राँग?"

या एका वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. ऐकल्यावर आत कुठेतरी गलबलेल असं वाटलं होतं. नाही गलबललं. गोड लागलं.

मी टॉवेल सोडला. काकांनी तबकडीवरून हात फिरवला, उलट्या आकड्यांवर बोट ठेवत गेले, एक, दोन, तीन. "खराब झालेली नव्हती तर ही," ते पुटपुटले. "देतेस?"

"देते. पाटी बदला. रचना, तस्नीम मुकादम. आणि दमास्कसच्या त्या माणसाचं नाव. मी लिहून देते."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. समुद्रावरून कोळशाचं जहाज हळूहळू सरकत होतं.

"त्या दमास्कसवाल्याचं टाकू," ते शेवटी म्हणाले. "तो जुना आहे. आणि खाली 'टी. मुकादम' लिहू. नुसतं टी. 'मुकादम' तर आपल्यातही असतात."

"तस्नीम."

"अगं, काय फरक पडतो? टी म्हणजे तीच की. कुणाला कळतंय?"

"म्हणूनच."

"हट्टी आहेस."

"हो, काका."

आम्ही दोघं उठून चौथऱ्यापाशी उभे राहिलो. बारा वाजत आले होते. सावली रेघेवर यायला लागली होती. काकांनी मनगट वर केलं, त्या दिवशी केलं होतं तसंच. "बाराला तर बरोबर दाखवतं," ते म्हणाले. "नाही का?"

"बाराला बरोबर दाखवतं," मी म्हटलं.

सावली रेघेवर आली. क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग रेघ ओलांडून अकराकडे निघाली. काका घड्याळाकडे बघत होते, मग तबकडीकडे, मग परत घड्याळाकडे. मी तस्नीमची तबकडी टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि नॉर्थ वॉलॉंगॉंगच्या स्टेशनकडे चालायला लागले. ऊन थेट तोंडावर येत होतं. म्हणजे मी बरोबर दिशेने चालले होते.